किमान वर्षे

"आता काय म्हणते तुमची मशीन?" खुर्चीमागे उभ्या असलेल्या अंबुलकर साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"काहीच म्हणत नाही, साहेब," जागेश्वर म्हणाला. "चुकलं असतं तर बोलली असती. गप आहे म्हणजे झालं."

पडद्यावर हिरवी रेघ लुकलुकत होती. जागेश्वरने बाहीने कपाळ पुसलं. डिसेंबरचा महिना, त्यात खोलीत एसी लावलेला, तरी त्याला घाम फुटला होता. नागपूरच्या इंजिनियरशिवाय, एकट्याने, पहिल्यांदाच त्याने अख्खा प्रोग्राम बांधून काढला होता.

हे चौऱ्याऐंशी सालचं. नाकाडोंगरीच्या बाजूला जंगलाला लागून असलेल्या त्या मँगनीजच्या खाणीत जागेश्वर लांजेवार सतरा वर्षांपासून हजेरीबाबू होता. खाणीच्या तोंडाशी बसायचं, पाळीवर येणाऱ्या-जाणाऱ्याचा नंबर टिपायचा, एवढंच काम. शिक्षण मॅट्रिक. ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा दोघांना सहा आठवड्यांसाठी नागपूरला धाडलं. त्यातला बी. कॉम. झालेला पोरगा परत आला आणि महिन्याभरात दुसरी नोकरी पाहून निघून गेला. उरला जागेश्वर. चपला बाहेर काढून ज्या खोलीत जावं लागे, त्या खोलीची किल्ली त्याच्या कमरेच्या करगोट्याला आली.

प्रोग्राम लिहिणारा इंजिनियर आधी दर महिन्याला यायचा. पुढे त्याचं येणं बंद झालं. जाताना तो जागेश्वरला वहीत लिहून देऊन गेला होता. प्रोग्राम सत्तावीस तुकड्यांत लिहिलेला होता. एकेक तुकडा मशीनच्या भाषेत उतरवायचा, मग सगळे जोडायचे. कोणता आधी, कोणता नंतर, कशात बदल झाला तर काय काय पुन्हा उतरवायचं, हे सगळं एका फाईलमध्ये मांडून ठेवलेलं होतं. 'मेक' असं टाईप करून बटण दाबलं की मशीन ती फाईल वाचायची आणि कामाला लागायची. त्या फाईलच्या डोक्यावर चार-पाच आकडे होते. कागदाची रुंदी किती, पाळ्या किती, असे. त्यातल्या एकाचं नाव होतं 'किमान वर्षे'.

किमान वर्षे म्हणजे ज्याने खाली ड्रिलवर निदान इतकी वर्षं काढली आहेत, त्याचं नाव डॉक्टरी तपासणीच्या यादीत निघायचं. इंजिनियरने तिथे पाच लिहिलं होतं.

"पाचाने दोनशे चौदा माणसं निघतात," अंबुलकर साहेब सकाळी म्हणाले होते. "नागपूरहून एक डॉक्टर येणार, दोन दिवसांसाठी. दोनशे माणसं खालून वर काढली तर खाण बंद ठेवावी लागेल. बारा करा. जुनी माणसं आधी पाहून घेऊ. बाकीच्यांचं पुढल्या वर्षी बघता येईल."

जागेश्वरने पाचाचे बारा केले आणि 'मेक' टाईप केलं. मशीनने उत्तर दिलं, सगळं ताजं आहे, नव्याने करण्यासारखं काही नाही. यादी काढून पाहिली तर पुन्हा दोनशे चौदा. दोन तास तो चक्रावून बसला. वही चाळता चाळता इंजिनियरची एक ओळ सापडली. मशीन फक्त तुकड्यांची तारीख-वेळ पाहते, वरचा आकडा बदललेला तिला कळत नाही. जुने उतरवलेले तुकडे आधी पुसायचे, मग नव्याने सगळं बांधायचं. त्याने छातीवर दगड ठेवून सगळे पुसले. चाळीस मिनिटं मशीन घरघरत राहिली आणि शेवटी गप झाली.

यादी निघाली. एकतीस नावं. खाली इंग्रजीत, 'तयार करणार : जे. लांजेवार'.

"शाब्बास," साहेब म्हणाले. "आता आपल्याला नागपूरची गरज नाही."

त्या संध्याकाळी जागेश्वर बसस्टँडवरून पावशेर पेढे घेऊन क्वार्टरवर गेला. दारात त्याचा साळा नत्थू बसला होता. नत्थू त्याच्या बायकोचा, चंद्रकलेचा, धाकटा भाऊ, लाखांदूरकडच्या धानाच्या गावातला. घरी चार भाऊ आणि शेताच्या बांध्या थोड्या, म्हणून जागेश्वरनेच शब्द टाकून त्याला खाणीत ड्रिलवर लावलं होतं. त्याला आता सात वर्षं होत आली होती.

"काय गा भाऊजी, पेढे कायचे?"

"मशीन आज माह्यानं चालली. एकट्यानं."

"अवो बाई, आयकलं का?" नत्थूने आत हाक मारली. "भाऊजी इंजिनियर झाले!"

मग त्याने डोक्यावरून टॉवेलचा पदर घेतला, कंबर लचकवली, डोळे मोडले आणि इंजिनियरसाहेबांची ठसक्यातली बायको करून दाखवली. चंद्रकला चुलीपुढे पोट धरून हसली. नत्थूचा तो हातखंडा होता. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरायची, दंडारीचे नाच-खेळ व्हायचे, आणि दंडारीत बाईचं सोंग नत्थूचंच. त्याच्या एका भुवईवर अख्खा मांडव हलायचा. चाल तर अशी, की म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, ह्या पोराकडून आमच्या सुनाईनं चालणं शिकावं.

पुढच्या वर्षी किमान वर्षे पुन्हा पाच झाली नाहीत. साहेबांच्या ते लक्षात राहिलं नाही, आणि जागेश्वरने आठवण करून दिली नाही. यादी हुकमाबरहुकूम निघत होती. त्याला वेगळं काही वाटण्याचं कारणही नव्हतं.

शहाऐंशीच्या मंडईत नत्थू पडला.

भर दुपारी दंडार रंगात आली होती. नत्थू लुगडं नेसून आला, दोन पावलं टाकली, आणि गिरकी घ्यायच्या जागी सरळ पाठीवर कोसळला. लोकांना वाटलं, सोंगच आहे. मांडव हसला. नत्थू उठला, पुन्हा मागे तोल गेला, पुन्हा पडला. लोक आणखी हसले. तोही पडल्या पडल्या हसू लागला. पेटी थांबली, ढोलकी थांबली, तरी त्याचं हसू थांबेना. तोंडातून हसण्याचा आवाज येत होता आणि चेहरा मात्र कोरा, माती सारवल्यासारखा.

"पिऊन आला," मागून कोणी म्हणालं.

नत्थू पीत नव्हता. शकुनबाईला, त्याच्या बायकोला, ते पक्कं ठाऊक होतं. महिन्याभराने ती एका दुपारी जागेश्वरच्या दारी आली. पदर डोक्यावर ओढून उंबऱ्याबाहेरच बसली.

"भाऊजी, यायले काय झालं समजून नाही राह्यलं," ती म्हणाली. "माह्या बापाच्या मयतीत हासले. सारा गाव थुकला आमच्यावर. रात्री जेवताना घास हातातच राह्यते. चालतात तं टाचा टेकत नाही, कोंबड्यावानी. बोलणं असं, का एकेक शब्द विहिरीतून वढावा लागते."

"वैद्याले दाखवलं?" चंद्रकलेने विचारलं.

"वैद्य झाला, मांत्रिक झाला, तुमसरचा डॉक्टर झाला. ताकदीच्या गोळ्या देल्या त्यानं." शकुनबाईने जागेश्वरकडे पाहिलं. "मी म्हटलं, खाणीतला मोठा डॉक्टर येते ना दरसाल नागपूरचा. ड्रिलवरच्या तेजरामले बलावलं होतं मागच्या खेपी. यायचं नाव काहून नाही येत भाऊजी? तुमच्याच मशीनमधून निंगते म्हणतात नावं."

 

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जागेश्वरने जुन्या फायली काढल्या. पहिल्या वर्षीच्या यादीला डॉक्टरांचं एक पत्र टाचलेलं होतं. ते त्याने तेव्हा वाचलंही नव्हतं. त्यात लिहिलं होतं, मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली की मेंदूवर परिणाम करते. चेहऱ्यावरचे भाव जातात. कारण नसताना हसू किंवा रडू येतं. माणूस चवड्यांवर चालतो. संशय आल्यास त्याला उलट पावली चालायला सांगावं. आणि शेवटी, पाच वर्षांवरच्या प्रत्येक माणसाची तपासणी व्हावी.

पाच या आकड्याखाली डॉक्टरांनी रेघ ओढलेली होती.

संध्याकाळी तो नत्थूच्या खोलीवर गेला. नत्थू अंगणात बाजेवर बसला होता.

"नत्थू, उभा राहा बापू. आता मांगं मांगं चाल बरं."

"मांगं... कायले?"

"चाल तं खरं. मी हावो ना."

नत्थूने एक पाय मागे टाकला. दुसरा उचलायच्या आत त्याचं सगळं शरीर तोडलेल्या झाडासारखं मागे आलं. जागेश्वरने त्याला काखेत धरलं. त्याचं डोकं जागेश्वरच्या छातीवर टेकलं, आणि तिथूनच तो हसू लागला. शकुनबाई दारात उभी होती. तिने तोंड फिरवलं.

जागेश्वर साहेबांकडे गेला. एकोणीस वर्षांत तो न बोलावता त्या खोलीत कधी शिरला नव्हता.

"साहेब, यादी पाचाची काढू द्या."

"शिबिर पुढल्या आठवड्यात आहे, लांजेवार. यादी वर गेली. डॉक्टर दोनच दिवस आहेत."

"माझा साळा आहे साहेब त्यात. नऊ वर्षं झाली त्याला."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग त्या एकाचं नाव हाताने लिहून टाका. मी सही करतो."

जागेश्वर उभाच राहिला. एक नाव. ते घेऊन तो निघाला असता तर कोणी त्याला बोल लावला नसता. पण सतरा वर्षं तो खाणीच्या तोंडाशी बसलेला माणूस, अजूनही हजेरीचे नंबर घ्यायला रोज तिथे जायचा. नंबर म्हटला की त्याला चेहरा दिसायचा. परसराम कसा शिडीवरून पाय फरफटत येतो. भय्याजी हल्ली नंबर सांगताना कसा अडखळतो, आणि आपण कसे त्याला "लवकर बोल ना गा" म्हणतो.

"हो साहेब," तो म्हणाला, आणि बाहेर आला.

शनिवारी दुपारी ऑफिस अर्ध्या दिवसानं सुटलं. जागेश्वरने चपला काढल्या आणि मशीनपुढे बसला. इंजिनियरने एक सोयीची गोष्ट शिकवली होती. फाईलला हात न लावता, 'मेक'च्या पुढेच आकडा टाईप केला तर मशीन तेवढ्यापुरता तोच धरते. फाईलमध्ये बारा तसेच राहतील. कोणाला कळणारही नाही. त्याने तसं टाईप केलंही. मग बटणावरचं बोट त्याने काढून घेतलं. पुढल्या साली यादी काढणारा पुन्हा नुसतं 'मेक' लिहील, आणि पुन्हा बारा लागू होतील.

त्याने ओळ पुसली. फाईल उघडली, बारा खोडले, पाच लिहिले. आणि शेजारी, मशीन वाचत नाही पण माणूस वाचतो अशा जागी, आपलं नाव आणि तारीख घातली.

आता जुने तुकडे पुसणं आलं. त्यातले बरेचसे सोमवारच्या हजेरीलाही लागत होते. एकदा पुसले आणि नवे बांधले गेले नाहीत, तर सोमवारी सकाळी दीड हजार माणसांची हजेरी अडकणार होती, आणि नागपूरहून कोणी यायला चार दिवस लागणार होते. त्याने पुसले.

एकोणीस तुकडे उतरले. विसाव्याला मशीन बोलली. डिस्कवर जागा नाही.

जागा करायची तर काहीतरी पुसायला हवं होतं. काय पुसायचं? जुन्या हजेऱ्या पुसता येत नव्हत्या. यादी चाळता चाळता त्याला स्वतःच्या नावाचा कप्पा दिसला. नागपूरहून आल्यापासूनचा त्याचा सराव त्यात होता. पहिला प्रोग्राम, ज्यात मशीनने त्याचं नाव पडद्यावर लिहिलं होतं. पाढे. चंद्रकलेच्या भिशीतल्या बायांची नावं अकारविल्हे लावणारा एक. तो सगळा कप्पा त्याने पुसला आणि पुन्हा 'मेक' लिहिलं. मशीनने उतरलेले एकोणीस सोडून दिले आणि विसाव्यापासून काम धरलं.

साडेचार वाजता ती गप झाली.

दोनशे सदतीस नावं निघाली. एक प्रत त्याने डॉक्टरांच्या पाकिटात घातली. दोन प्रती खाणीच्या दोन्ही तोंडांशी फळ्यावर लावल्या. रविवारभर लोक त्या फळ्यांपुढे उभे होते. ज्याला वाचता येत होतं तो बाकीच्यांना नावं वाचून दाखवत होता.

सोमवारी दवाखान्यापुढे रांग लागली, ती मोहाच्या झाडाखालून पार रस्त्यापर्यंत गेली. डॉक्टर दोन दिवसांसाठी आले होते, सहा दिवस राहिले. सतरा माणसं सापडली. परसरामसह बारा जणांचं नुकतंच सुरू झालं होतं. त्यांना त्याच आठवड्यात धुळीतून काढून वरच्या कामावर आणलं.

नत्थूला तपासून डॉक्टरांनी हात धुतले. जागेश्वर पडद्याशी उभा होता.

"औषध आहे का साहेब?"

"थोडी हालचाल सैल होईल, अशा गोळ्या देतो. गेलं ते परत येत नाही."

जागेश्वरने टॉवेल पुढे केला. मग विचारलं, "दोन वर्षांआधी आला असता तर?"

डॉक्टर हात पुसत राहिले. "तेव्हा धुळीतून काढलं असतं," ते म्हणाले.

अंबुलकर साहेब ओरडले नाहीत. "यादी बरोबर होती, लांजेवार," ते म्हणाले. "पण ती बदलायचा अधिकार तुमचा नव्हता. किल्ली ठेवून जा." जागेश्वरने करगोट्याची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा खाणीच्या तोंडाशी, हजेरीच्या खिडकीत बसू लागला. डॉक्टरांनी मात्र लेखी पत्र दिलं होतं, त्यामुळे पाचाला मग कोणी हात लावू शकलं नाही.

घरी त्याने चंद्रकलेला सगळं सांगितलं. तिने ऐकलं. "तुमाले तेवा मालूम नवतं ना," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाली. पण दोन दिवस तिने त्याच्याकडे पाहून बोलणं टाळलं. भाऊ तिचा होता.

नत्थूला सांगणं सगळ्यांत कठीण होतं. एका सकाळी तो बाजेवर ऊन खात बसला असताना जागेश्वर त्याच्या पायाशी उकिडवा बसला.

"नत्थू, तो बारा आकडा मी लिवला होता. माह्याच हातानं. पाच राहू देले असते तं तू तेवाच वर आला असता."

नत्थूने त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग त्याच्या घशातून हसू फुटलं, तेच, थांबता न थांबणारं. जागेश्वर त्या चेहऱ्यात शोधत राहिला. हा राग आहे, की माफी, की नुसता आजार? एके काळी ज्याची एक भुवई अख्ख्या मांडवाला कळायची, त्याच्या मनातलं आता हातभर अंतरावर बसलेल्याला कळत नव्हतं. हसता हसता नत्थूच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. ते तरी त्याचं होतं की नाही, हेही जागेश्वरला कळलं नाही. त्याने आपल्या टॉवेलाने ते पुसलं.

मे महिन्यात नत्थूला कामाला अपात्र ठरवल्याचा कागद आला. खाणीचं सामान परत करून हजेरीच्या रजिस्टरात शेवटची सही करायची होती. शकुनबाई त्याला घेऊन आली ती नेमकी दोनच्या पाळीच्या वेळी. पाळीवर जाणारे सत्तर-ऐंशी लोक भर उन्हात खिडकीपुढे रांगेत उभे होते.

"अंगठा घेऊन टाका भाऊजी," शकुनबाई हलक्या आवाजात म्हणाली. "यायच्यानं नाही होत आता."

जागेश्वरने शाईचं पॅड ओढलं. नत्थूची मान सावकाश हलली. नाही.

"सही... करतो," तो म्हणाला.

त्याने पेन धरलं. पहिलं अक्षर रजिस्टरच्या ओळीएवढं आलं. दुसरं त्याच्या निम्मं. पुढची मुंगीएवढी झाली, आणि हात थांबला. तो तसाच थांबून राहिला, पेनचं टोक कागदावर टेकवून. मग पुन्हा हलला.

पाळीचा भोंगा वाजला. रांगेतलं मागचं कोणी काय झालं म्हणून डोकावलं. पुढे उभ्या परसरामने त्याच्याकडे नुसतं वळून पाहिलं. मग रांगेत कोणी हललं नाही. एकेकाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, उकाड्यामुळे असेल किंवा कशामुळे असेल.

जागेश्वरने रजिस्टर सरकू नये म्हणून वरचा कोपरा बोटांनी दाबून धरला होता. त्याने ना घड्याळाकडे पाहिलं, ना नत्थूच्या हाताला हात लावला. आडनावाचं शेवटचं अक्षर अजून बाकी होतं.